बेचाळीसच्या वरचे सगळे

बेचाळीस अंशांच्या वरचा प्रत्येक आकडा चुकीचाच असणार, असं मी एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ठरवलं आणि तसे सगळे आकडे बदलून टाकले. मूळ आकडे कुठेही ठेवले नाहीत. म्हणजे ठेवलेत असं मला वाटत होतं. परिणामी सोनईजवळच्या एका कांद्याच्या चाळीत पाच दिवस कांदा सडत राहिला आणि माझ्या पडद्यावर तो ठणठणीत होता.

हे मी हल्ली स्वतःहून सांगतो. मी नाही सांगितलं तर त्या चाळीच्या सुमनकाकू सांगतात आणि त्या माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात. शिवाय हे सांगितल्याशिवाय सरांबद्दल काही सांगताच येत नाही.

सरांना कांद्यातलं काही कळत नव्हतं. हे तेच पहिल्या भेटीत सांगून टाकायचे. संगमनेरच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि सोनईत एका खतांच्या दुकानावरची खोली घेऊन राहिले. कारण काय, तर घोडेगावच्या रस्त्याला तीस घरांनी कांदा साठवायला मिळून बांधलेली एक लांबलचक कांदाचाळ होती आणि दर वर्षी तिच्यात कुठेतरी सड लागायची. कुठे लागली ते वास सुटेपर्यंत कळायचं नाही, आणि वास सुटला की अख्खी चाळ उपसायची. उपसलेला, आपटलेला कांदा पुढे टिकत नाही. सरांचं म्हणणं साधं होतं. सडणारा कांदा आधी तापतो. ढिगाच्या पोटातला ताप मोजत राहिलं तर नेमका तेवढाच कोपरा काढता येईल, बाकीच्याला हात लावायचं कारण नाही.

बाकीच्याला हात लावायचं कारण नाही, हे सरांचं एकूण आयुष्याबद्दलच मत होतं.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. उजव्यावरचं बरोबर चालायचं, डाव्यावरचं सात मिनिटं मागे. चाळीतलं आकडे नोंदवणारं यंत्र पहिल्या दिवशीच सात मिनिटं मागे लावलं गेलं होतं आणि ते सरांच्या उशिरा लक्षात आलं. कुणीही शहाणा माणूस यंत्राची वेळ दुरुस्त करेल. सरांनी स्वतःसाठी दुसरं घड्याळ विकत घेतलं.

"वेळ पुढे केली की आधीच्या नोंदींचं आणि नंतरच्या नोंदींचं नातं तुटतं," ते म्हणाले. "सात मिनिटांचा खड्डा पडतो. त्यापेक्षा मी मागे राहतो."

सोनईच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम वेळ विचारायचे. सर विचारायचे, "तुमची का यंत्राची?"

माझी त्यांची गाठ पडली ती शिर्डीत, मामाच्या लॉजवर. कंप्युटरची पदवी घेऊन मी तिथे काउंटरवर बसायचो आणि येणाऱ्यांची नावं रजिस्टरात लिहायचो. सर खोली विचारायला आले तेव्हा मी एका नोंदीवर व्हाइटनर फासून वर फुंकर मारत होतो.

"खाली काय होतं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, चूक होती."

"काय चूक होती?"

आता ते मला कुठून आठवणार? मी म्हणालो, "आठवत नाही."

"म्हणजे चूक होती हेही तुला नक्की माहीत नाही." सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्याच रजिस्टरात मला करून दाखवलं. चुकीच्या शब्दावर एकच बारीक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर शब्द, त्याखाली सही. मामा आतून बघत होता. त्याला वाटलं, कुणीतरी तपासणीला आलंय. त्याने सरांना फुकट चहा दिला आणि मला रात्री झापलं. महिन्याभरात मी सोनईत होतो. लॉजवर माझ्या जागी ज्याला घेतलं तो व्हाइटनर वापरतो की नाही, मला माहीत नाही. मी अजून विचारलेलं नाही, कारण मामा माझ्याशी बोलत नाही.

सरांना पायथन ही कंप्युटरची भाषा यायची नाही आणि शिकायचीही नव्हती. त्यासाठी मी होतो. पण ॲरे, म्हणजे पत्त्यांनी मांडलेला आकड्यांचा तक्ता, काय असतो हे मला पदवीपेक्षा चाळीने जास्त शिकवलं. मधून जायला वाट, दोन्ही बाजूंना सहा सहा कप्पे, म्हणजे एकूण बारा. प्रत्येक कप्प्यात कांद्याचा छातीइतका ढीग. त्या ढिगात खालपासून वरपर्यंत चार थरांवर तारा सोडलेल्या आणि प्रत्येक थरात तीन जागा: बाहेरच्या भिंतीच्या पट्ट्यांजवळची, मधली, वाटेजवळची. एकूण एकशे चव्वेचाळीस सेन्सर. दर तासाला प्रत्येकाचा एक आकडा. कप्पा, थर, जागा आणि तास, असे चार पत्ते दिले की एक आकडा सापडायचा. पहिले तीन पत्ते डोळ्यांना दिसायचे. चौथा दिसायचा नाही. त्याच्यासाठी सर दर रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे आकडे कागदावर छापून घ्यायचे. मी त्यांच्यामागे त्यांना कागदखाऊ म्हणायचो.

आणि पत्रिका. सरांना लग्नपत्रिकांचं वेड होतं. लग्नांना ते जायचे नाहीत, पण पत्रिकेचा जाड पुठ्ठा त्यांना फार आवडायचा. पत्रिका कागदावरच्या तक्त्यावर ठेवायची, ज्या आकड्यांवर काम करायचंय नेमक्या त्यांच्यावर ब्लेडने चौकोनी खिडक्या कापायच्या आणि मग फक्त खिडकीतून दिसणाऱ्या आकड्यांना लाल पेन लावायचं. बाकी तक्ता पत्रिकेखाली सुखरूप. मी त्यांना शंभरदा सांगितलं, की सर, हे कंप्युटरमध्ये एका ओळीत होतं. अट लिहायची, अट पाळणारे आकडे आपोआप निवडले जातात, तेवढेच बदलतात. यालाच मास्क म्हणतात.

"मग तूही तेच करतोस," सर म्हणायचे. "फक्त तुझी खिडकी तुला दिसत नाही."

तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं.

निवडणं आणि बदलणं या दोन गोष्टींच्या मधे सरांचा एक प्रश्न असायचाच: "किती?" कापलेल्या खिडक्या किती? असायला हव्यात किती? दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पेनचं टोपण निघायचं नाही. ही सवय कागदापुरती नव्हती. स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे आले, की सर आधी दिसणारे शेंगदाणे मोजायचे, मोठ्याने. "नऊ." मग ते नऊ चमच्याने बाजूला काढायचे, मग पोहे खायचे आणि शेवटी शेंगदाणे. एकदा बाजूला काढल्यावर आठच निघाले. सर दहा मिनिटं प्लेट उकरत बसले. हॉटेलवाला कंटाळून मूठभर शेंगदाणे घेऊन आला.

"हे नकोत," सर म्हणाले. "मला तो नववा पाहिजे."

सापडला. कढीपत्त्याखाली होता. सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी नंतर कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तसलाच चेहरा करून हॉटेलवाला आम्ही उठल्यावर टेबल पुसायचा.

तर तो रविवार. जूनची सुरुवात होती. ढग यायचे, थांबायचे, निघून जायचे. चाळीच्या आत कोंदट झालं होतं.

आमच्या तीन सेन्सरच्या तारा सैल झाल्या होत्या. त्या जातीच्या सेन्सरची खोड अशी, की तार सैल झाली की तो सरळ पंच्याऐंशी अंश दाखवतो. कांदा पंच्याऐंशीला गेला असता तर चाळीत भाजीच झाली असती, तेव्हा तो आकडा खोटा हे उघड होतं. सरांनी सकाळी नेहमीचे कागद छापून घेतले आणि मला सांगितलं, "बरोब्बर पंच्याऐंशी असलेले निवड. तेवढेच. त्यांच्या जागी त्या तासाची त्या कप्प्याची सरासरी घाल आणि शेजारी खूण ठेव. आधी मोज. तीन तारा आहेत, म्हणजे दर तासाला तीनच निघाले पाहिजेत."

मी हो म्हणालो. दुपारी बसलो. पोटात काकूंकडची पुरणपोळी होती. मनात विचार आला, समजा एखादा चौऱ्याऐंशी निघाला तर? मग परत अट बदला. एकेकाची विचारपूस कोण करत बसणार? मोबाईलवर पाहिलं, बाहेर अडतीस होतं. त्यात मी चार मिळवले. चारच का, ते मला आजही सांगता येणार नाही. बेचाळीसच्या वरचे सगळे खोटे, असा कायदा केला. ती ओळ मी तासातासाला चालणाऱ्या कामातच घालून टाकली, म्हणजे पुन्हा बघायलाच नको. खूण ठेवली नाही. मोजलं नाही.

आधी प्रत मात्र घेतली, असं मला वाटलं. मी लिहिलं होतं: काम = मूळ. मला वाटलं, आता पाट्या दोन झाल्या, एक मूळ आकड्यांची आणि एक कामाची. प्रत्यक्षात पाटी एकच होती. मी तिला फक्त दुसरं नाव दिलं होतं. कामावर जे खोडलं ते मुळावरही खोडलं गेलं, आणि तेच मी त्याच फाइलवर जपून ठेवलं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. त्या तासाला मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होतो.

संध्याकाळी पडद्यावर चाळीचं चित्र काय सुंदर आलं! बाराही कप्पे हिरवेगार. मी त्याचा फोटो काढून तीस घरांच्या गटाच्या ग्रुपवर टाकला.

गटाच्या अध्यक्ष सुमनकाकू. पन्नाशीच्या, आवाज असा की चाळीच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाची बाई वळून बघायची. सरांना चाळीत तारा सोडायची परवानगी त्यांनीच दिली होती, तीही तीस घरांशी भांडून. या मोसमाला मात्र त्यांनी बजावलं होतं: "सर, औंदा सड येळेत घावली तर तुमच्या तारा ऱ्हातील. न्हाईतर आमी आपलं नाक वापरू, तुमी आपलं सामान गोळा करा."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता काकू चाळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. पदर नाकाला.

"सर, वास येतोय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडून काकूंसमोर धरला. "काकू, हे बघा. सगळं हिरवं. रविवारपासून एकही लाल नाही. ढगाळ हवेने वास येत असेल."

"साहेब," काकू म्हणाल्या, "हिरवं तुमच्या टीव्हीत हाय. माज्या नाकात न्हाई."

"काकू, नाक चुकू शकतं."

"व्हय, चुकतं. पन ते माझं हाय. चुकलं तर मला कळतं."

सरांनी त्या सकाळच्या सातच्या तासाचा तक्ता छापायला लावला. ओट्यावर बसून एक जुनी पत्रिका त्यावर सरकवू लागले, कप्प्यामागून कप्पा. सातव्या कप्प्यावर पत्रिका थांबली. मी वाकून बघितलं. पाच खिडक्यांत पाच आकडे: पस्तीस पूर्णांक बासष्ट. पाचही ठिकाणी. दशांशासकट.

"शास्त्रज्ञ," सर म्हणाले. रागावले की ते मला शास्त्रज्ञ म्हणायचे. "एका ढिगात पाच जागी एकसारखा ताप असतो का?"

"नसतो, सर."

"सातव्या कप्प्यात सैल तारा किती?"

"एक."

"मग सरासरी घातलीस किती जागी?"

मी खिडक्यांवरून पुन्हा नजर फिरवली.

"किती?"

"मोजलं नाही, सर."

हे वाक्य मी नंतर अनेक ठिकाणी, अनेक नोकऱ्यांत, अनेक साहेबांपुढे टाळत आलो आहे. त्या दिवशी ते म्हणावं लागलं. मग बेचाळीसही सांगावं लागलं. सर म्हणाले, "मूळ आण." मी मूळ उघडलं. तिथेही पस्तीस पूर्णांक बासष्ट. पुन्हा उघडलं, जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर लाज वाटून आकडे परत येणार होते.

सर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं, यंत्राच्या वेळेचं, आणि खिशात टाकलं. बस. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

काकूंना सगळं समजलं नव्हतं. जेवढं समजायला हवं होतं तेवढं मात्र समजलं होतं. "म्हंजी तारांनी सांगितलं हुतं, आन् ह्यांनी त्यांचं तोंड दाबलं."

"हो," सर म्हणाले.

"मंग आता तारांवर माझा इस्वास न्हाई, आन् ह्यांच्यावर तर न्हाईच न्हाई." काकूंनी मोबाईल काढला. "मी टेम्पो बोलवते. पाचला येतील. समदी चाळ उपसू."

मी ती बेचाळीसची ओळ काढून तिथे सरांची पंच्याऐंशीची अट घातली. पुढच्या तासाला सातवा कप्पा लाल झाला. काकू बघायलाही आल्या नाहीत. बरोबरच होतं. ज्या पडद्यावर पाच दिवस खोटं दिसलं, त्याने सहाव्या दिवशी खरं सांगितलं तर कोण ऐकणार? तीस घरांचा कांदा त्या चाळीत होता, वर आभाळ भरलेलं होतं, उपसून ठेवायला कोरडी जागा कुणाकडेच नव्हती. आणि पाच वाजता टेम्पो आले की सरांची या चाळीतली तीन वर्षं त्यात भरून जाणार होती.

सर काकूंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"काकू, पाचपर्यंत चाळ माझी. तारा नाही, पडदा नाही. हाताने मोजतो. एकशे चव्वेचाळीस जागा."

"सर, तुमचं वय काय, गरमी काय!"

"पाचला मी तुम्हाला नेमका कोपरा काढून देईन. नाही दिला तर तारा मीच उपसतो, कांद्याच्या आधी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सातवा कप्पा साहेबांना द्या," म्हणाल्या.

सरांकडे दोन लांब लोखंडी नळ्या होत्या, टोकाला थर्मामीटर बसवलेल्या. नळी ढिगात खुपसायची, तीन मिनिटं थांबायचं, काढून वाचायचं. एक ते सहा सरांनी घेतले, सात ते बारा मी. पत्र्याखाली शिडीवर बसून मी तीन मिनिटं म्हणजे काय असतात ते शिकलो. बाराव्यापासून सुरुवात केली, कारण सातव्याचं तोंड बघवत नव्हतं. अकराव्या कप्प्यात दोन मिनिटांतच पारा थांबल्यासारखा वाटला. मी नळी काढली.

वाटेच्या पलीकडून, पाठ माझ्याकडे असताना, सर म्हणाले, "शास्त्रज्ञ, नळी परत घाल."

घातली. एक अंश वर गेला. त्यानंतर मी एकदाही पाऊण मिनिट वाचवायचा विचार केला नाही.

दुपारी काकूंनी भाकरी आणि ठेचा पाठवला. सरांनी एका हाताने खाल्लं, दुसरा नळीवर. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, गुडघ्यांना शिडी टोचत होती, पण प्रत्येक आकडा ते वाचायचे, मोठ्याने म्हणायचे, मग लिहायचे. कांदा निवडणाऱ्या बायका आधी हसत होत्या. तीनच्या सुमाराला त्यांच्यातली एक सरांचे आकडे कागदावर उतरवून घ्यायला येऊन बसली, न विचारता.

चारला मी सातव्या कप्प्यापाशी आलो. बाहेरची जागा सदतीस. मधली, दुसरा थर: नळी आत जाताना कांद्याला थडकली नाही, सरळ आत घुसली, लोण्यात जावी तशी. तीन मिनिटांनी काढली. चव्वेचाळीस. माझा हात कोपरापर्यंत काळ्या पाण्याने माखला होता. वास आला तो सांगत नाही. सकाळी काकू जे सांगत होत्या ते एकदम माझ्या नाकात शिरलं.

"चव्वेचाळीस!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस," सर म्हणाले. "लिही. पुढची जागा."

पावणेपाचला शेवटचा आकडा लिहिला. आठव्या कप्प्यात खालच्या थराला दोन जागा तापलेल्या निघाल्या, सातव्यात सात. सरांनी तक्ता ओट्यावर ठेवला आणि खिशातून एक कोरी करकरीत पत्रिका काढली. ब्लेडने खिडक्या कापल्या. मोजल्या. तक्त्यावरचे लाल आकडे मोजले. पुन्हा खिडक्या मोजल्या.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

"नऊ."

"नऊ." मग त्यांनी पत्रिका काकूंच्या हातात दिली. "खिडकीतून दिसतंय तेवढंच काढा. बाकीच्याला हात लावू नका."

काकूंनी पत्रिका उलटून बघितली. "आवो सर! ही तर माज्या पुतन्याच्या लग्नाची! नवरदेवच कापला की तुमी!"

"त्याला इलाज नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "तो सातव्या कप्प्यात आला."

टेम्पो येऊन उभे राहिले. बायका पाट्या घेऊन सातव्यात आणि आठव्यात उतरल्या. नऊ जागांचा कांदा निघाला, काळा, पाझरणारा. काकू स्वतः आत शिरल्या आणि खिडकीच्या कडेबाहेरचा पहिला कांदा उचलला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. कोरडा, टणक, टरफल कुरकुरीत. दुसरा उचलला. तिसरा. मग खिडकीत नसलेल्या दहाव्या जागेचाही ढीग त्यांनी उकरून बघितला, कारण विश्वास असा एका दिवसात परत येत नसतो. तिथेही कांदा चांगला होता.

"टेम्पोवाल्याला सांगा," त्या बाहेर येत म्हणाल्या, "एकच गाडी लागंल. तीबी खत टाकायला."

सरांनी खिशातून घड्याळ काढलं आणि पुन्हा डाव्या मनगटावर बांधलं. त्यांना ते नीट बांधता येत नव्हतं. मी पुढे झालो, पट्टा लावून दिला.

शनिवारी सकाळी त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं. पाच दिवसांत मी जिथे जिथे सरासरी भरली होती त्या जागा शोधायच्या होत्या. कप्प्याच्या त्या तासाच्या सरासरीशी जो आकडा तंतोतंत जुळतो, तो माझा. बाकी कांद्याचे. अट लिहिली. बदलायच्या आधी मोजलं. सैल तारांचे सोडून एकशे सत्याण्णव निघाले. म्हणजे एकशे सत्याण्णव वेळा कांदा मला काहीतरी सांगत होता आणि तितक्याच वेळा मी त्याला सभ्यपणे गप्प केलं होतं.

"आता यांच्या जागी काय भरू, सर? आजूबाजूचे आकडे बघून अंदाज बांधता येईल. चांगला बांधता येईल."

"तिथे खरं काय होतं, ते तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग तेच भर."

मी त्या एकशे सत्याण्णव जागा रिकाम्या केल्या. पायथनमध्ये त्यासाठी खास सोय आहे, आकडा नाही असं सांगणारा आकडा. तिच्याशी कशाचीही बेरीज केली तरी उत्तर तेच येतं: माहीत नाही. पूर्वी मला ती सोय चिडचिडी वाटायची. सरांना ती इतकी आवडली, की त्यांनी पायथनबद्दल आयुष्यात काढलेला चांगला शब्द तो एकच. "प्रामाणिक आहे," म्हणाले. मग छापलेल्या कागदावर सातव्या कप्प्याच्या शेजारी लाल पेनने माझी चूक लिहिली, खाली जागा सोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.

सर दोन वर्षांपूर्वी गेले. उजव्या हाताचं घड्याळ त्यांच्या मुलीकडे आहे, डावं मी मागून घेतलं. ते सात मिनिटं मागेच आहे. पुण्यात मी आता मोठमोठ्या तक्त्यांवर काम करतो, पाच-सहा पत्ते दिल्याशिवाय आकडा सापडत नाही असल्या. बदलण्याआधी मोजतो. प्रत खरंच वेगळी झाली का, ते आधी मुद्दाम एक आकडा बिघडवून तपासतो. सोबतची पोरं मला त्याबद्दल हसतात. मीटिंगला सात मिनिटं उशिरा येतो, त्याबद्दल साहेब हसत नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात शिर्डीला जाताना वाट वाकडी करून सोनईला गेलो. चाळ तीच. तारा नव्या, संख्येने जास्त. काकूंच्या हातात टॅब होता आणि त्या बोट सरकवत कप्पे बघत होत्या. मागे खिळ्याला ती पत्रिका टांगलेली, नऊ खिडक्यांची. नवरदेवाच्या नावाच्या जागी भोक, त्यातून चुन्याची भिंत दिसत होती. पुतण्याला आता दोन मुलं आहेत.

काकूंनी चहा सांगितला. मी त्यांच्या खांद्यावरून टॅबकडे बघितलं. चौथ्या कप्प्यात, वरच्या थराला, एका चौकोनात पंच्याऐंशी लुकलुकत होतं. बरोब्बर पंच्याऐंशी. इतक्या वर्षांनी जुना मित्र भेटावा तसं मला झालं. हात आपोआप पुढे गेला.

"काकू, ही तार सैल झालेली दिसते. द्या इकडे, मी जरा..."

काकूंनी टॅब छातीशी धरला.

"तुमी चहा घ्या, साहेब. मागल्या टायमाला तुमी हात लावला, आन् आमचा सडका कांदा बरा झाल्ता."